पाचवी थप्पी

सेमिनारच्या विषयांची यादी फळ्यावर लिहून सरांनी हात झटकले, आणि त्यांनी विचारायच्या आधीच मी हात वर केला. यादीतला शेवटचा विषय मला हवा होता. एका ठिकाणी मोठा भूकंप झाला की काही दिवसांनी, कधी काही महिन्यांनी, शेजारच्या भागातही जमीन का हलते? बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला भूगर्भशास्त्र घेतलेले आम्ही सात जण होतो. बाकीच्या सहा जणांना खडकांचे आणि खनिजांचे विषय हवे होते, कारण त्यांच्या जुन्या नोट्स आधीच्या वर्षीच्या मुलांकडून मिळायच्या. माझ्या विषयाची नोट कोणाकडेच नव्हती.

२००५ चा जानेवारी होता. डिसेंबरात सुमात्राजवळच्या समुद्रात झालेल्या भूकंपाच्या आणि त्सुनामीच्या बातम्या अजून रोज येत होत्या. आमच्या घरी टीव्ही नव्हता. आमगावच्या स्टेशनबाहेर चहाच्या टपरीत होता, तिथे कॉलेजला जायची सकाळची पॅसेंजर येईपर्यंत उभी राहून मी बघत असे. माणसं हळहळत होती, मीही हळहळत होते. पण मनाच्या एका कोपऱ्यात काहीतरी सारखं उड्या मारत होतं. पृथ्वीच्या पोटात एवढी लांब चीर गेली, आणि ती नेमकी कुठे थांबली? तिथेच का थांबली? थांबली त्याच्या पुढच्या भागाचं काय?

हे सगळं सरांना विचारायची सोय होती, हे माझं नशीब. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. सर मला कधी "एवढंही माहीत नाही?" असं म्हणाले नाहीत. त्यांनी मला तुर्कस्तानचा नकाशा काढून दाखवला. तिथे एका लांबलचक भ्रंशावर, म्हणजे जमिनीतल्या जुन्या भेगेवर, एकामागून एक भूकंप होत आलेले. १९९९ च्या ऑगस्टमध्ये इझमितला मोठा धक्का बसला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात, त्याच्या पूर्वेला, डुझ्जेला दुसरा. सरांनी दोन्ही ठिकाणं लाल पेनानं जोडली.

"पहिला तुकडा सरकला की त्याच्यावरचा ताण कमी होतो," ते म्हणाले. "पण तो ताण सगळाच नाहीसा होत नाही. त्यातला काही शेजारच्या तुकड्यावर जाऊन बसतो. शेजारचा आधीच तुटायला आलेला असेल, तर त्याची वेळ जवळ येते."

"मग तो त्याच दिवशी का नाही तुटला, सर? तीन महिने कशाची वाट पाहत होता?"

सर हसले. घर्षण, खडकांचं सावकाश सरकणं, खोलवरचं पाणी, असं बरंच त्यांनी सांगितलं. मी सगळं लिहून घेतलं. घरी येऊन वाचलं तर शब्द कळत होते, पण डोळ्यांपुढे काही उभं राहत नव्हतं. ज्या गोष्टीचं चित्र दिसत नाही ती सेमिनारमध्ये उभं राहून सांगायची कशी? बाहेरून परीक्षक येणार होते. सरांनी मला मराठीत बोलायची परवानगी दिली होती, त्यामुळे इंग्रजीमागे लपायचीही सोय उरली नव्हती.

आम्ही आमगावला एका राइस मिलच्या मागच्या चाळीत राहायचो. बाबा मिलच्या गोदामात हमालांचे मुकादम होते. धानाची पोती एकावर एक रचून थप्पी लावण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. माय त्याच गोदामात सांडलेलं धान झाडून, पाखडून पुन्हा पोत्यात भरायचं काम करायची. तिच्यासोबत आणखी तीन बाया होत्या. संध्याकाळी जेवताना मी या दोघांसमोर सेमिनारचा सराव करायचे. बाबा पहिल्या पाच मिनिटांत पेंगायचे. माय भाकरी थापता थापता ऐकायची.

"पहिल्या भागावरचा लोड शेजारच्या भागावर जातो," मी म्हणाले.

"जमीन का ट्रक आहे, लोड घ्यायले?" माय म्हणाली.

बाबांनी डोळे उघडले. "कोणाचा लोड?"

"झोपा तुमी. पोरगी जमीन हलवून राहिली."

बाबांना गाडीच्या लोडशिवाय दुसरा लोड माहीत नव्हता. ते पुन्हा पेंगायला लागले आणि मी वही मिटली.

मार्चच्या मध्यावर एका दुपारी मी पॅसेंजरमधून उतरून घरी आले तर मिलच्या फाटकात गर्दी. गोदामातली एक थप्पी पडली होती. सुदैवाने तेव्हा सगळे बाहेर ट्रक भरत होते, कोणाला खरचटलंही नव्हतं. आत सहा थप्प्या दारापासून ओळीनं, एकमेकींना लागून उभ्या असायच्या. त्यातली चौथी मधूनच खचून समोरच्या, ये-जा करायच्या गल्लीत ओतली गेली होती. ओळीत दात पडल्यासारखी जागा झाली होती. फुटलेल्या पोत्यांतून धान वाहत गल्लीभर पसरलं होतं. सगळे त्या ढिगाकडे बघत होते, खालच्या थरात लावलेल्या कट्ट्यांना, म्हणजे प्लास्टिकच्या पोत्यांना, शिव्या देत होते. ते कट्टे घसरतात, ज्यूटच्या पोत्यासारखे धरून राहत नाहीत, हे बाबा आधीपासून सांगत होते.

बाबा मात्र ढिगाकडे बघतच नव्हते. हात पाठीमागे बांधून ते पाचव्या थप्पीकडे बघत उभे होते. मग त्यांनी एक दोरी मागवली. मोकळ्या झालेल्या जागेच्या तोंडापासून पाचवीच्या पुढच्या टोकापर्यंत ती बांधून घेतली.

"या दोरीच्या आत कोणी जायचं नाइ," ते म्हणाले. "तिसरीपुढं खुशाल काम करा."

मी त्यांच्याजवळ गेले. "बाबा, दोन्ही तर शेजारच्याच. मग तिसरीपुढं चालते आणि पाचवीपुढं काऊन नाइ?"

"तुले दिसून नाइ राहिलं का?" त्यांनी हातातला पोती ओढायचा हुक वर करून दाखवला. "चौथी तिसरीवर रेलून होती. चौथी गेली, तिसरीवरचा भार उतरला. आता तिले आराम आहे. पण पाचवी चौथीवर रेलून होती. तिचा आधार गेला."

"पण ती तर उभी आहे."

"आहे ना. म्हणूनच दोरी बांधली."

"पडायची होती तं चौथीसंगच पडली असती."

"पोत्यात धान आहे, पोरी, लोखंड नाइ. आतल्या आत सरकत राहते. खालचं पोतं दबते, मंग त्याच्या बाजूचं दबते. एकाचा भार दुसऱ्यावर, दुसऱ्याचा तिसऱ्यावर. याले टाइम लागते. कधी घंटा, कधी चार दिवस. कधी पडतही नाइ."

मी त्या गोदामात लहानाची मोठी झाले होते, पोत्यांवर बसून अभ्यास केला होता, आणि सरांनी लाल पेनानं जोडलेलं इझमित आणि डुझ्जे माझ्यासमोर उभं होतं. नुसता शेजार पुरत नाही. कोण कोणावर कोणत्या बाजूनं रेललेलं होतं, हे बघावं लागतं. एक शेजारी भाराखाली येतो आणि दुसरा सुटतो. सरांनी हेही सांगितलं होतं, की मोठ्या भूकंपानंतर काही भागांवरचा ताण उलट कमी होतो. मी ते लिहून घेतलं होतं आणि विसरले होते. मी धावत घरी गेले, वही आणि मायच्या डब्यातलं दोऱ्याचं रीळ घेऊन परत आले.

"आता का शिवते?" बाबांनी विचारलं.

मी त्यांना समजावलं. मला ओळंबा लावायचा होता. पाचवी उभी आहे की सरकते आहे, हे मला मोजून बघायचं होतं. बाबांना त्यात काय मजा वाटली कोण जाणे, त्यांनी स्वतः मागच्या बाजूनं शिडी लावली. छपराच्या लोखंडी कैचीला दोरा बांधला आणि खाली एक जुना बोल्ट लटकवला. दोरा पाचवीच्या पुढच्या कोपऱ्यापासून बरोबर दोन बोटं दूर राहिला. दोरीच्या बाहेर उभं राहूनही तो स्पष्ट दिसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजला जायच्या आधी मी बघितलं. कोपरा आणि दोरा यांत दीड बोट उरलं होतं. मला उडी मारावीशी वाटली. जी थप्पी डोळ्यांना दगडासारखी स्थिर दिसत होती ती रात्रभरात अर्धं बोट चालली होती, आणि ते साऱ्या जगात फक्त मला माहीत होतं. पॅसेंजरमध्ये मला बसवेना. संध्याकाळी परत आले तर एकच बोट. मी वहीत तक्ता केला. सकाळ अर्धं बोट, संध्याकाळ अर्धं बोट. याच चालीनं उद्या संध्याकाळी कोपरा दोऱ्याला टेकणार आणि थप्पी पडणार, असं मी हिशेबानं काढलं.

आणि इथे माझी चूक झाली. मी ते मनात ठेवलं नाही. मिलचे दिवाणजी फाटकाजवळ खुर्ची टाकून बसले होते. त्यांच्यासमोर, चार हमाल आणि झाडणाऱ्या बाया ऐकत असताना, मी सांगून टाकलं, "उद्या संध्याकाळपर्यंत पाचवी पडणार."

दिवाणजी भले माणूस होते, पण त्यांना गोदाम मोकळं हवं होतं. नवा माल येणार होता आणि चौथीची जागा सांडलेल्या धानानं अडली होती. ते हसले. "ठीक है बेटी. कल शाम तक देख लेते हैं."

बाबा तेव्हा ट्रकवर होते. त्यांना हे रात्री जेवताना कळलं. ते फक्त एवढंच म्हणाले, "दिवस कायले सांगितला?"

दुसऱ्या दिवशी कॉलेजात मी काय ऐकलं ते आठवत नाही. संध्याकाळी धावत गोदामात गेले. कोपरा दोऱ्याला टेकला होता, अगदी मी काढलं होतं तसा. पण थप्पी उभी होती. अंधार पडायला लागला, गोदामाला कुलूप लागलं, तरी ती उभीच होती. एक हमाल जाता जाता म्हणाला, "मॅडम, तुमचा भूकंप लेट झाला वाटते. पॅसेंजरनं येऊन राहिला का?" सगळे हसले. मीही हसले, पण मला घरी जायची लाज वाटली.

खरी शिक्षा सकाळी मिळाली. तो रविवार होता, मी घरीच होते. दिवाणजींनी दोरी सोडायला सांगितली.

"मुकादम, आपकी लड़की ने कहा था कल शाम. शाम हो गई. अब काहे की दोरी? ये औरतें अंदर का धान उठा लें, फिर जगह खाली करो."

"पोरगी चुकली, दिवाणजी," बाबा म्हणाले. "दोरी नाइ चुकली. मागून, वरून, तीन थर उतरवू द्या आधी. मंग बाया आत जातील."

"उसमें पूरा दिन जाएगा."

"जाऊ द्या ना एक दिवस."

"तीन दिन से खड़ी है भाई, और कितना खड़ी रहेगी?"

मी दारात उभी होते. मी दिवस सांगितला नसता, तर लोक अजून भीत राहिले असते. मी सांगितला आणि तो टळला, आणि आता त्यांची भीती माझ्याच बोलण्यानं पुसली गेली होती. आत जाणाऱ्या बायांत पहिली माझी माय होती. तिच्या हातात झाडू होता, कमरेला सूप होतं. तिला बाबा घरात काही सांगू शकत होते, पण मिलमध्ये दिवाणजींचा शब्द चालायचा. बाबांनी तिच्याकडे बघितलं, ती दिवाणजींकडे बघत होती.

मी पुढे झाले. "माय, जाऊ नको. माहं चुकलं ते फक्त दिवसाचं. तो कोपरा बघ. दोऱ्याले रेटून राहिला."

मायनं दोरा बघितला. काल नुसता टेकलेला दोरा आता कोपऱ्यानं पुढे ढकलला होता आणि बोल्ट तिरका लटकत होता. सांगितल्याशिवाय तो कोणाच्या लक्षात येण्यासारखा नव्हता. मायनं सूप कमरेचं काढलं, दाराबाहेर जमिनीवर पालथं टाकलं आणि त्यावर बसली.

"मी नाइ जात," ती दिवाणजींना म्हणाली. "माहे पाय दुखून राहिले."

"अरे, सुबह-सुबह पैर दुख गए?"

"म्हातारी झाली ना, साहेब. तुमी जाऊन बघा, तुमचे पाय मजबूत आहेत."

बाकीच्या तिघी पदर तोंडाला लावून हसल्या आणि एकेक करून तिच्याजवळ बसल्या. एकीचे पाय दुखत होते, एकीची कमर. चौथी म्हणाली, "मले काहीच नाइ झालं, पण मी एकटी कायले जाऊ?" दिवाणजी खुर्चीत परत बसले. त्यांनी चहा मागवला. रागानं नाही, पण आता या बायांचं काय करावं हे त्यांना सुचत नव्हतं.

चहा येईपर्यंत पाचवी थप्पी पडली.

फार मोठा आवाज झाला नाही. आधी एक लांब खसखस, कोणी वाळूवरून जड पेटी ओढावी तशी. मग धप्प, धप्प, धप्प. कोपरा बाहेर आला, वरचे थर एकदम खाली बसले आणि सगळी थप्पी चौथीच्या रिकाम्या जागेत ओतली गेली. जिथे चार बाया वाकून धान भरत असत्या तिथे माणसाच्या छातीएवढा ढीग झाला. धुळीनं आम्ही सगळे खोकत होतो. तिसरी जागची हलली नव्हती.

दिवाणजी उभे राहिले, ढिगाकडे बघितलं, बायांकडे बघितलं. "चाय पी लो पहले," ते म्हणाले. चहावाल्याला त्यांनी आणखी सहा कप आणायला सांगितले आणि पहिला कप बाबांना दिला.

बाबांनी चहा घेतला आणि सहावीकडे बघायला लागले.

"बाबा, सहावी कोणावर रेलून होती?" मी विचारलं.

"भिंतीवर," ते म्हणाले. "पण दोरा लाव. दिवस नको सांगू."

आठवडाभरानं माझा सेमिनार झाला. मी रिकाम्या काडेपेट्यांत धान भरून नेलं होतं आणि टेबलावर सहा थप्प्या लावल्या. तुर्कस्तान सांगितलं, बाबांचं रेलणं सांगितलं, दोरा सांगितला. बोलताना माझा आवाज चढत होता आणि मला तो आवरत नव्हता. सर मागच्या बाकावर बसून मान हलवत होते. परीक्षक मात्र हुशार होते. त्यांनी आधी माझी उपमाच पकडली.

"तुमच्या पोत्यांना मागून कोणी ढकलत नाही. जमिनीच्या तुकड्यांना मात्र सतत ढकललं जातं, ताण पुन्हा पुन्हा भरतो. तुमच्या गोदामात हे कुठे आहे?"

"आहे सर," मी म्हणाले. "दरवर्षी हंगामात धान येतं. थप्प्या पुन्हा लागतात."

ते हसले. मग त्यांनी सुमात्राचा नकाशा पुढे ओढला. डिसेंबरात जो भाग तुटला त्याच्या दक्षिणेकडे बोट ठेवून विचारलं, "हा शेजारी. हा कधी तुटणार?"

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मी सांगितलं, "ही पाचवी थप्पी आहे, सर. हिच्यावर भार वाढला आहे, एवढं म्हणता येईल. दिवस सांगणार नाही. एकदा सांगून बघितला."

सरांनी वर्गाबाहेर येऊन माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या हाताबद्दल मी आजही कृतज्ञ आहे. नंतर मी नागपूरला एम.एस्सी. केलं, बी.एड. केलं, आता चिचगडकडच्या एका शाळेत भूगोल शिकवते, आणि त्या सगळ्याची वाट मला त्या दिवशी पहिल्यांदा समोर दिसली.

त्यानंतर चारच दिवस गेले असतील. सकाळी स्टेशनवर पेपरचा गठ्ठा उतरला आणि पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत पुन्हा सुमात्रा. पुन्हा मोठा भूकंप. मी तिथेच उभ्या उभ्या नकाशा बघितला. डिसेंबरच्या तुटलेल्या भागाला लागून, दक्षिणेला. परीक्षकांनी बोट ठेवलं होतं त्याच बाजूला. पॅसेंजर समोर येऊन उभी राहिली होती आणि मी ती सोडली. पेपर घेऊन मी पळत सुटले, रूळ ओलांडून, टपरीसमोरून, मिलच्या फाटकातून आत. बाबा थप्पीवर उभे होते, माय खाली झाडत होती.

"बाबा, पडली," मी ओरडून सांगितलं. "दक्षिणेची थप्पी पडली. त्याच बाजूले."

बाबांनी हुक पोत्यात अडकवून ठेवला आणि खाली बघितलं.

"गल्लीत कोणी होतं?"

मी पेपरकडे बघितलं. नकाशाच्या खालची बातमी मी वाचलीच नव्हती. मायनं झाडणं थांबवलं. मी घडी उलगडली आणि तिथेच उभी राहून, वर बाबांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, खालच्या ओळी वाचायला लागले.